अम्मी म्हणतात वाढव, काकू म्हणतात कमी करा

गेल्या रमजान ईदला आमच्या धाकट्याने चार वर्षांची साठवलेली ईदी बाहेर काढली, कमी पडले ते त्याच्या अब्बांनी घातले आणि घरात होम थिएटर आले. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन स्पीकर, सोफ्याच्या मागे दोन, टीव्हीखालच्या कपाटात एक आडवा, आणि कोपऱ्यात गुडघ्याएवढा काळा खोका. तो सबवूफर. पाच स्पीकर आणि हा एक खोका, म्हणून याला ५.१ म्हणतात.

आठवडा झाला नाही तोच एका संध्याकाळी दोन तक्रारी आल्या. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "बेटा, आवाज वाढव, काय बोलतायत कळतच नाही." आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन म्हणाल्या, "भाभी, जरा कमी करा हो. ह्यांचं बायपास झालंय, आणि मांडणीवरची भांडी वाजतायत." धाकटा म्हणाला, दोघींपैकी एकीचे काहीतरी चुकतेय. मी त्याला गप्प केले खरे, पण प्रश्न मलाही पडला होता.

शोधत गेले तेव्हा कळले की दोघीही बरोबर होत्या. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. वय वाढते तसे वरचे, बारीक आवाज आधी जातात. आणि स, श, फ, थ यांची ओळख त्या वरच्याच भागात असते. स्वर मात्र खाली असतात. म्हणून अम्मींना कोणीतरी बोलतेय हे ऐकू येते, पण शब्द कळत नाही. वर्गात श्रुतलेखन घेताना मी 'शाल' म्हणते आणि मागच्या बाकावरचा 'साल' लिहितो, तसेच. त्यात जाडा आवाज मोठा असला की तो बारीक आवाजाला झाकून टाकतो. अम्मींसाठी आम्ही आवाज वाढवायचो, त्याबरोबर खोकाही वाढायचा, आणि अम्मींना आणखीच कमी कळायचे.

काकूंचे गणित वेगळे. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ४० हर्ट्झच्या जाड्या आवाजाची एक लाट त्यामुळे साडेआठ मीटर लांब होते, आमच्या अख्ख्या हॉलच्या दुपटीहून जास्त. ३००० हर्ट्झची लाट जेमतेम ११ सेंटीमीटर. बारीक आवाज पडदा, गादी, भिंत यांत अडकतो. जाडा आवाज भिंतीला आणि स्लॅबलाच हलवतो. खाली संवाद पोचतच नव्हते, पोचत होती फक्त धडधड. ज्याच्या छातीवर टाके आहेत त्याने ती रात्री ऐकत पडायची. सूरह लुकमानमध्ये आवाज खाली ठेवण्याची नसीहत आहे, ती आपण बहुधा बोलण्यापुरतीच धरतो.

तर कोणाला नवीन घ्यायचे असेल तर माझे म्हणणे असे, की पैसा आधी मधल्या स्पीकरवर घाला. चित्रपटातले बहुतेक संवाद त्याच एकातून येतात, आणि तोच आपण सर्वांत स्वस्त घेतो. घेतल्यावर तो कपाटात कोंबू नका. आम्ही कोंबला होता. बाहेर काढून कपाटाच्या कडेला आणला, खाली रबराचा तुकडा घालून तोंड सोफ्याकडे किंचित वर केले, आणि अम्मींनी त्याच दिवशी बातम्या नीट ऐकल्या. याला एक रुपया लागला नाही.

दुकानात आम्ही पहिला प्रश्न विचारला तो, वॉट किती? तो चुकलाच. खोक्यावर पीएमपीओ लिहून हजारांत आकडा असतो. तो मोजायची ठरलेली रीतच नाही, म्हणून तो वाचू नये. आरएमएस विचारावे. आणि वॉट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. त्यापेक्षा स्पीकरची संवेदनक्षमता बघा. ८६ डेसिबलच्या जागी ८९ चा घेतला तर तेवढाच आवाज निम्म्या वॉटमध्ये मिळतो. दुकानदार नेहमी स्फोटांचा सीन लावतो. उल्हासनगरला जा नाहीतर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला, मोबाइलमध्ये ओळखीची किरात आणि मराठी बातम्या घेऊन जा. माणसाचा आवाज खरा वाटला तर बाकीचे चालेल. (घरात काय लावावे आणि काय लावू नये, तो ज्याच्या त्याच्या घरचा विषय. या सदरात नको.)

सबवूफर लहान खोलीला लहानच हवा. आमचा बारा इंची होता. दुकानदाराने थोडे पैसे कापून आठ इंची, बंद पेटीचा बदलून दिला. कोपरा सोडायचा, कारण दोन भिंती आणि जमीन मिळून जाडा आवाज फुगवतात. बारा फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर तर भिंतीभिंतींत घुमतच राहतो. जागा शोधायची युक्ती मजेशीर आहे. खोका सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवायचा, जाडा आवाज सुरू करायचा आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचे. जिथे आवाज घुमत नाही, सपाट ऐकू येतो, तिथे खोका ठेवायचा. आमच्याकडे अब्बा रांगले. अम्मी हसून हसून दमल्या. जागा निघाली टीव्हीच्या डाव्या हाताला, भिंतीपासून हातभर पुढे. खाली जाड फोमची लादी घातली. मागचा क्रॉसओव्हरचा खटका ८० हर्ट्झवर ठेवला. त्याखालचा आवाज कुठून येतो ते कानाला सहसा कळत नाही. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी खोका पावसाळ्यात उचलून ठेवायची सोय बघावी, आत ॲम्प्लिफायर असतो. २६ जुलै २००५ बदलापूरकरांना सांगायला नको.

कायदाही आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. खासगी यंत्राचा आवाज आपल्या हद्दीच्या कडेला त्याहून ५ पर्यंतच जास्त चालतो. पण ही मोजणी कानाच्या अंदाजाने केलेली असते, तिच्यात ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरतात. म्हणजे मीटर गप्प आणि भांडी वाजतायत, असे होऊ शकते. मीटरपेक्षा काकूंना विचारलेले बरे. मी खाली जाऊन बसले, धाकट्याने वर आवाज लावला, आणि फोनवर "अजून कमी, अजून" करत खटका जिथे थांबला तिथे त्याने खडूची खूण केली.

रात्री दहानंतर खोक्याचा प्लगच काढतो. रमजानमध्ये सहरीला उठतो तेव्हाही, कारण तेव्हा सहा वाजलेले नसतात आणि खाली झोपलेले असतात.

परवा काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "भाभी, तो खोका विकलात का?" मी म्हटले, नाही, वरच आहे.