काळी पिशवी कुणाला, झिपची पिशवी कुणाला?

बकरी ईद आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या नात्यागोत्यातल्या बायकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो. मटण ठेवायला पिशवी कुठली चांगली? कुणी झिपच्या पिशव्यांचा फोटो टाकते, कुणी क्लिंग फिल्मच्या रोलचा. कुणी आखातातून सुट्टीवर येणाऱ्या भावाला चार पाकिटं आणायला सांगते, कारण तिथली पिशवी म्हणे जाड असते. मग कुणीतरी लिहितेच : "या पिशवीत सहा महिने राहतं, काही होत नाही." त्यावर अंगठ्यांची रांग लागते.

हा प्रश्न विचारू नये असं माझं म्हणणं नाही. मी मुरुडमध्ये राहते, पावसाळ्यात इथल्या दमट हवेत काय काय नासतं ते मला माहीत आहे. पण ज्या घरात झिपच्या पिशवीवर एवढी चर्चा होते, त्याच घरातून त्याच दिवशी गरिबाचा हिस्सा कशातून जातो? पातळ काळ्या पिशवीतून. वीस रुपयांत गठ्ठा मिळतो, तोंडाला गाठ मारली की झालं. एकाच बोकडाचं मांस, एकाच सुरीने कापलेलं. आपल्या फ्रीजरात जाणाऱ्याला स्वच्छ, जाड, पारदर्शक पिशवी आणि दारावर उभ्या असलेल्या बाईला काळी. याबद्दल ग्रुपवर कधी कुणी एक ओळ लिहिलेली मी वाचली नाही.

आधी पिशवीचंच बोलू. पिशवी अन्न टिकवत नाही. अन्न टिकतं ते थंडीने, मिठाने, सुकवण्याने, नाहीतर वेळेत खाऊन संपवल्याने. पिशवी फक्त हवा आणि ओल आत-बाहेर होऊ देत नाही. मांसावर जे जंतू आधीच बसलेत ते पिशवी कितीही महाग असली तरी तिच्यातच बसून राहतात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात ते झपाट्याने वाढतात, आणि कोकणातल्या जूनमधलं आपलं स्वयंपाकघर या पट्ट्याच्या बरोबर मधोमध असतं. शंका असेल तर हर्णैच्या बंदरात जाऊन संध्याकाळचा लिलाव बघा. तिथे खोका कुठल्या कंपनीचा असं कुणी विचारत नाही, बर्फ किती आहे ते बघतात. बांगडा उन्हात राहिला की त्यात हिस्टामाइन तयार होतं. मग तो कितीही उकळा, तळा, ते जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते. कोळणींना त्याचं नाव ठाऊक नसेल, पण बर्फ कमी पडला तर माल कुणी घेणार नाही हे ठाऊक आहे. आपण शिकलेली माणसं मात्र पिशवीची जाडी मोजत बसतो.

कुर्बानीच्या दिवशी तर आपण नेमकं उलट करतो. मांस अजून कोमट असतं, तेव्हाच ते पिशवीत कोंबून गाठ मारतो. आतली ऊब आतच राहते, पिशवीला घाम सुटतो, आणि अशा वीस पिशव्या एकावर एक रचल्या की मधल्या पिशव्या तासन्‌तास गार होत नाहीत. दुपारी कुणाच्या तरी दारात ती पिशवी उघडते तेव्हा वास येतो. त्या घरात फ्रीज नसतो, म्हणून सगळं मांस लगेच शिजवावं लागतं किंवा फेकावं लागतं. मांस थोडा वेळ पसरून, वर सुती कापड टाकून खेळत्या हवेत निवू द्यायचं, मग बांधायचं, हे आपल्या आज्ज्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्याकडे प्लास्टिकच नव्हतं, म्हणून ते आपोआप होत होतं. मांस सागाच्या पानात बांधून जायचं, पान लालसर रंग सोडायचं, आणि चिखलात पडलं तरी चार दिवसांत कुजून जायचं.

आता काळी पिशवी. अशा पिशव्या पुष्कळदा कसल्या कसल्या जुन्या प्लास्टिकचा लगदा वितळवून केलेल्या असतात. काळा रंग यासाठी, की आत काय मिसळलंय ते दिसू नये. अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत रिसायकल केलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून अन्न देऊ-ठेवू नये असं लिहिलं होतं, छापील वर्तमानपत्रात बांधायलाही मनाई आहे. त्याच वर्षी २३ मार्चला महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला : पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांची कैद. पुढे केंद्राने ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगवर बंदी आणली. एवढे कायदे झाले, आणि दुकानात काउंटरखालून पिशवी निघतेच. दुकानदार म्हणतो गिऱ्हाईक मागतं, गिऱ्हाईक म्हणतं दुकानदार देतो.

काळ्या पिशवीच्या बाजूने एक मुद्दा मात्र गंभीर आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. "मांस उघडं नेऊ नये, दिसू नये, कुणाच्या भावना दुखावू नयेत, आणि हल्ली तर रस्त्यात कोण अडवेल सांगता येत नाही." हे मला मान्य आहे. शेजाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होऊ नये हा अदब आहे, भीती नंतरची. पण झाकायला झाकणाचा डबा लागतो, त्यावर कापडी पिशवी लागते. पातळ काळी पिशवी झाकत काहीच नाही. ती गळते, एसटीत सीटखाली रक्ताचं पाणी सोडते, कुत्र्याला वास देते, आणि फाटली की सगळं रस्त्यावर. आणि काळ्या पिशवीत काय असतं हे आता गावात कुणाला कळत नाही?

रॅप आणि फॉइलबद्दलही लिहून टाकते, कारण उरलेल्या सालनावर काय लावू असं मला विचारलं जातंच. ताणून चिकटणारी पातळ फिल्म मुळात अमेरिकेत १९३३ साली एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत, बाटली धुताना निघेना अशा थरातून सापडली. आज बाजारात मिळणारी फिल्म पुष्कळदा पीव्हीसीची असते, काही पॉलिथिनची. पीव्हीसी मऊ करायला जे घालतात ते तेलकट आणि गरम अन्नात उतरतं. म्हणजे तर्री असलेलं सालन, खिमा, मलई, यांना ती चिकटू देऊ नका. कापलेल्या कलिंगडावर लावली तर माझी तक्रार नाही. फॉइलचं वेगळंच. कोकम किंवा चिंच घातलेलं सालन स्टीलच्या पातेल्यात ठेवून वर फॉइल दाबून बसवा आणि सकाळी फॉइल उजेडात धरून बघा. जिथे ते सालनाला टेकलं होतं तिथे टाचणीएवढी भोकं दिसतील. आंबट, मीठ आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम विरघळतं, आणि ते गेलं कुठे तर सालनात. त्यापेक्षा उपडी ताटली बरी. तांदळाच्या भाकऱ्यांना तर यातलं काहीच नको. सुती फडकं आणि टोपली पुरे. फ्रीजमध्ये ठेवली की भाकरी उलट लवकर कडक होते.

दावतीच्या बिर्याणीचं मात्र आपण जे करतो त्याने खरंच माणसं आजारी पडतात. देग दुपारी उतरते, रात्रीपर्यंत झाकून तशीच राहते, मग "घरी न्या" म्हणून उरलेली बिर्याणी पिशव्यांत भरली जाते. भातात एक जंतू असतो, बॅसिलस सेरियस. त्याचे बीजाणू उकळण्याने मरत नाहीत. कोमट देगेत ते जागे होतात आणि विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्यावरही जात नाही. उलट्या सुरू झाल्या की आपण नजर लागली म्हणतो. उपाय पिशवीत नाही. जेवण संपल्यावर दोन तासांच्या आत, उकाडा असेल तर तासाभरात, उथळ परातीत पसरून गार करा आणि वाटून टाका. पसरवायला ताटं आहेत, वाटायला पोरं आहेत, दोन्ही लग्नघरात फुकट मिळतात.

फ्रीजरपाशी झिपच्या पिशवीला मी तिचं श्रेय देते. जाड पिशवी, हवा दाबून काढलेली, अर्धा किलोचं चपटं पाकीट, वर तारीख. असं पाकीट लवकर गोठतं, लवकर सुटतं, आणि मांस कोरडं पडून पांढरट होत नाही. पण घरगुती फ्रीजरात एका दमात पंधरा किलो मांस कोंबलं तर मधलं दुसऱ्या दिवशीही गोठलेलं नसतं. त्यात वीज. २०२३ ची ईद २९ जूनला होती, २०२४ ची १७ जूनला, २०२५ ची ७ जूनला. कोकणात या दिवसांत वारा सुटला की तारांवर झाड पडतंच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडचे खांब आडवे केले तेव्हा कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. फ्रीज म्हणजे पांढरं कपाट उरलं होतं. त्या दिवसांत ज्यांच्याकडे सुकं होतं, मीठ लावलेलं होतं, ते जेवले. सहा महिन्यांची खात्री देणारी पिशवी विजेच्या भरवशावर ती खात्री देते, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं.

आणि सहा महिने कशासाठी? सहीह मुस्लिममध्ये हजरत आयेशांकडून आलेली रिवायत आहे. एका ईदला उपाशी माणसं वाळवंटातून मदिनेत आली, तेव्हा पैगंबरांनी लोकांना कुर्बानीचं मांस तीन दिवसांपुरतंच ठेवून बाकी वाटून टाकायला सांगितलं. पुढच्या वर्षी ती बंदी उठवली, आणि कारणही स्वतःच सांगितलं : ती मनाई त्या गरजू माणसांमुळे होती, आता खा, ठेवा आणि दान करा. ठेवायला परवानगी आहे म्हणून आपले मौलाना या रिवायतीचा शेवट सांगतात. मला तिची सुरुवात वाचावीशी वाटते. मांस किती दिवस ठेवायचं हे तिथे मांसाच्या टिकण्यावरून ठरलं नव्हतं, दाराबाहेर कोण उभं आहे यावरून ठरलं होतं. कोकणातले आपण बहुतेक शाफई. आपल्या मजहबात कुर्बानीतलं थोडं तरी मांस गरिबाला कच्चंच देणं वाजिब आहे, म्हणजे शिजवून जेवू घातलं तरी ते सुटत नाही. तीन हिस्से करणं हे त्यापुढचं, चांगलं मानलेलं. मग जो हिस्सा वाजिब तोच सगळ्यात वाईट पिशवीत, आणि त्यातही छाटण, हाडं आणि चरबी जास्त, हे कुठल्या किताबात लिहिलं आहे?

यावर ठरलेलं उत्तर येतं : "डबे दिले तर परत येत नाहीत." पूर्वी येत होते. आमच्याकडे शेजारच्या घरचा डबा रिकामा परत करत नाहीत. आंबोशी, कोकम, चार अंडी, अगदीच काही नसेल तर चिमूटभर साखर घालून देतात. कुणबी शेजारीण असो की आमच्यातली, ही रीत सगळ्यांची. पिशवी सुरू झाली आणि ते बंद पडलं, कारण पिशवी परत करायला कुणी येत नाही. घेणाऱ्या बाईने परत तुमच्या दारात यावं, दोन मिनिटं बसावं, तिच्या परसातली भाजी तुम्ही घ्यावी, हे नको आहे का आपल्याला? नको असेल तर तसं सांगा, डब्यावर खापर फोडू नका.

दुसरं उत्तर बायका देतात आणि ते जास्त खरं आहे : "धुवायचे कुणी?" ईदच्या दिवशी बाई पहाटेपासून कलेजी, खिमा, पाकिटं, फरशी यांत असते. तिला आणखी चाळीस डबे धुवायला सांगणारा लेख मी लिहिणार नाही. डबे घरोघरी नकोतच. जमातीने एकदा वर्गणी काढून झाकणाचे शंभर स्टीलचे डबे घ्यावेत, दोन किलोचे, झाकणावर आकडा कोरलेला. मशिदीच्या कोठीत ठेवावेत, ईदला न्यावेत, आणि लग्न-मय्यतीच्या जेवणालाही. हिस्से वाटायला जी पोरं बाईकवरून हिंडतात त्यांनीच दुसऱ्या दिवशी ते गोळा करावेत आणि वजूच्या नळावर राख-साबण लावून घासावेत. चर्चेत मोठ्याने बोलणारे पुरुषही तिथे बसू शकतात, जागा भरपूर आहे. शंभरातले दहा हरवतील. हरवलेला डबा कुणाच्या तरी घरात तांदूळ ठेवायला लागेल.