कोयत्याच्या हिशेबात नसलेले मूल

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, धाराशिवकडच्या वस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. अशोक विजयादशमीला आपण दीक्षाभूमीवर असतो, तेव्हा आपल्याच वस्तीतल्या काही घरांत उचल घेऊन झालेली असते आणि बिऱ्हाड बांधायला घेतलेले असते. आईबापांबरोबर मुलेही जातात. शाळेच्या हजेरीपटावर मात्र त्यांची नावे तशीच राहतात. पटनोंदणी भरलेली दिसते, बाक मार्च-एप्रिलपर्यंत रिकामे असतात.

या प्रश्नावर सगळ्यात जास्त ऐकू येणारे उत्तर म्हणजे ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही’. आम्ही वस्त्यांवर काम करतो, आम्हाला हे उत्तर पटत नाही. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवराबायको मिळून एक कोयता, आणि मजुरी टनावर. टन वाढला तरच उचल फिटते. मग मोळी बांधायला, वाढे गोळा करायला, कोपीवर धाकट्याला सांभाळायला मूल लागतेच. त्याच्या कामाचे वेगळे पैसे कोणी देत नाही, म्हणून ते कुठल्याही नोंदीत बालकामगार ठरत नाही. मोठ्या बहिणीची शाळा आधी सुटते, हे सांगायला नकोच.

कायद्यानेही इथे वाट मोकळी ठेवली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला. २०१६ मध्ये बालकामगार कायदा दुरुस्त झाला. त्यात १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी आली, पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाला मदत करण्याची सवलतही आली. फडात शाळेची वेळ कोण मोजणार? त्यात महाराष्ट्राने २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली आहे, नापास झाल्यास त्याच वर्गात बसावे लागते. पाच महिने फडात काढून आलेल्या मुलापुढे गावी परतल्याबरोबर हीच परीक्षा असते.

हे दुखणे जुने आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सांगितले होते की गुरे राखणे आणि शेतीची कामे यांमुळे शेतकऱ्यांची मुले शाळेत येऊ शकत नाहीत. त्यांनी सक्तीचे शिक्षण मागितले आणि सोबत शिष्यवृत्त्याही मागितल्या. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात दाखवून दिले की पहिलीत आलेल्या शंभरांतली अठराच चौथीपर्यंत पोहोचतात. दोघांनीही पालकांना उपदेश केला नाही, सरकारकडे खर्चाचा हिशेब मागितला.

आज हंगामी वसतिगृहे आहेत, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, २०२१ मध्ये जाहीर झालेली संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आहे. अडचण वेळेची आहे. टोळी निघून गेल्यावर वसतिगृह सुरू झाले तर त्यात राहणार कोण? म्हणून कार्यकर्त्यांनी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतच जाणाऱ्या कुटुंबांची यादी मांडावी, शाळा व्यवस्थापन समितीकडून ठराव करून घ्यावा, हमी कार्ड मुलाच्या हातात पडले का ते पाहावे. आजी-आजोबा नसलेल्या घरांची नावे वेगळी काढावीत, कारण वसतिगृहातही मूल ठेवायला गावात कोणीतरी आपले माणूस लागते. मुलींच्या बाबतीत आईचा पहिला प्रश्न रात्री तिथे बाई राहणार का, हाच असतो. त्याचे उत्तर ग्रामसेवकाकडून आणि मुख्याध्यापकांकडून लेखी घ्यावे.