सोन्याच्या वर्खामागचा काळ

तंजावरच्या चित्रांविषयी एक समजूत अभ्यासकांत रूढ झाली आहे. फणसाच्या फळीवर चिकटवलेले कापड, त्यावर खडूच्या लुकणाचा उठाव, सोन्याचा वर्ख, काचेचे खडे आणि मधोमध लोण्याचा गोळा धरलेला गुबगुबीत बाळकृष्ण. ही सुखी दरबाराची निर्भेळ भक्तिकला होय. ही समजूत इतिहासाकडे पाठ फिरवल्यानेच टिकते.

ज्या काळात ही शैली बहरली, तो काळ सुखाचा नव्हता. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबासाठी कंपनीच्या फौजेने तंजावर घेतले व तुळजाजी राजे कैदेत पडले. १७७६ मध्ये राज्य परत मिळाले, तेही कंपनीच्याच मर्जीने. १७८१ मध्ये हैदरअलीच्या स्वारीने कावेरीकाठचा सुपीक मुलूख उजाड केला आणि मागोमाग दुष्काळ आला. १७९९ च्या तहानंतर दुसऱ्या सरफोजीकडे किल्ला आणि शहर एवढेच राहिले.

यांपैकी काहीही त्या फळ्यांवर दिसत नाही. मात्र युद्ध रंगविण्याची परंपराच तेथे नव्हती, असे म्हणता येत नाही. बृहदीश्वराच्या गाभाऱ्याभोवतालच्या भिंतीवर अकराव्या शतकातील चोळ चित्रकारांनी त्रिपुरांतक शिवाचा संहार रंगविला आहे. नायककालीन चित्रांखाली दडलेली ती भिंत १९३१ मध्ये गोविंदस्वामी यांनी उजेडात आणली. त्याच मंदिरात सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. पराक्रमाची स्मृती शिलालेखात गेली. चित्रात मात्र देव राहिला.

बाळकृष्ण हा विषय या युद्धांहून जुना आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण जुना विषय पुन्हा पुन्हा का निवडला जातो, हा प्रश्न त्याने मिटत नाही. चोळ राजे जेते होते; संहार रंगविणे त्यांना शोभले. तंजावरच्या मराठ्यांजवळ दाखविण्याजोगा विजय उरला नव्हता, आणि पराभव रंगविण्यास आश्रयदाता मिळत नसतो. स्पेनच्या गोयाने युद्धाची भीषणता उघड कोरली खरी. परंतु ती चित्रमालिका त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही, १८६३ मध्ये झाली.

म्हणून रक्त दिसत नाही तेथे स्मृती नाही, हा निकष सोडून दिला पाहिजे. दुष्काळ सोसलेल्या मुलखात धष्टपुष्ट बालक सोन्याने मढविले जाते, तेव्हा त्या सोन्याकडे केवळ वैभव म्हणून पाहणे ही समीक्षेची हयगय आहे. संग्रहालयातील या चित्रांखाली शैलीच्या नावासोबत १७७३, १७८१ आणि १७९९ ही सालेही लिहिली जावीत. विद्यार्थ्याने चित्र पाहावे ते ती वाचून.