कल्हईचे कथील, मोबाईलचे कथील

लहानपणी आमच्या मोहल्ल्यात कल्हईवाले चाचा यायचे. भाता, नवसागर, कापसाचा बोळा आणि कथलाची बारीक कांडी. काळवंडलेले तांब्याचे पातेले बघता बघता चांदीसारखे लखलखायचे. कल्हई उडाली की पुन्हा करायची, भांडे कोणी फेकत नसे.

चाचा गेले, कथील मात्र घरातच राहिले. आता ते मोबाईलमध्ये आहे. आतल्या सर्किटवरचे बारीक भाग ज्या सोल्डरने जोडतात, ते मुख्यतः कथीलच. जगातले जवळपास निम्मे कथील या जोडकामात जाते. पूर्वी त्यात शिसेही भरपूर असे. २००६ साली युरोपने शिशाला मनाई केली, ते योग्यच झाले. पण शिशाची जागा बहुतेक कथलाने घेतली.

हे कथील मोठ्या प्रमाणात येते इंडोनेशियाच्या बांका आणि बेलितुंग बेटांवरून. तिथल्या खाणी अठराव्या शतकापासूनच्या. पण १९९८ मध्ये सुहार्तो गेले, सरकारची पकड सुटली आणि ज्याला जमेल तो खोदू लागला. जमीन पोखरून झाल्यावर माणसे समुद्रात उतरली. तराफ्यावर पंप बांधून तळाची वाळू ओढायची, कथील वेगळे करायचे, गाळ पाण्यात सोडायचा. तो गाळ प्रवाळावर बसतो. प्रवाळ मेले की मासा जातो, आणि कोळ्याला अधिक डिझेल जाळून दूर जावे लागते. जमिनीवर पाण्याने भरलेले खड्डे उरतात. त्यांत मुले बुडून मेली आहेत. बांकाची पांढरी मिरी जगभर नावाजलेली, तिचे मळेही खणले गेले. खोदणाऱ्याला शिव्या देणे सोपे आहे. तोही तिथलाच गरीब, मिरीपेक्षा कथलाने त्याची चूल लवकर पेटते.

२०२४ मध्ये जकार्तात कथील घोटाळ्याचा खटला चालला. सरकारी नुकसानीचा आकडा होता सुमारे ३०० लाख कोटी रुपिया; त्यातले २७१ लाख कोटी निव्वळ पर्यावरणाच्या हानीचे.

बांकाचे बहुसंख्य लोक मुसलमान आहेत. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०११ सालीच फतवा दिला होता : जमीन-पाण्याची नासाडी करणारे खाणकाम हराम. आपल्याकडे त्याची चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. बिस्किटाच्या पुड्यावर हलालचा शिक्का शोधणारे आपण, मोबाईल घेताना हप्त्यावर व्याज आहे का एवढेच विचारतो. वस्तू कुणाचा समुद्र गढूळ करून आली, हाही हलाल-हरामचाच प्रश्न आहे. आणि तो खाण मालकापाशी संपत नाही. दोन वर्षांत चालता फोन टाकून नवा घेणाऱ्यालाही तो लागू आहे.

गेल्या महिन्यात माझ्या फोनचे चार्जिंग बंद पडले. मुलगा म्हणाला, "अब्बा, नवा घ्या." मी दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या पोराने सुटलेला जोड पुन्हा चिकटवून दिला, दीडशे रुपये घेतले. टेबलावर सोल्डरच्या तारेचे रीळ होते. हे कुठून येते, मी विचारले.

"लॅमिंग्टन रोडवरून," तो म्हणाला.