वेदनेची साक्ष

आमच्या एका आतेबंधूंस तरुणपणापासून मानसिक विकार होता. औषधें चालू होतीं, तरी कोणी तरी आपल्याशीं बोलत आहे असें ते अधूनमधून म्हणत. घरांत सर्व त्यांना अण्णा म्हणत व सांभाळून घेत. दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या पोटांत दुखूं लागलें. डॉक्टर म्हणाले, "हा त्यांचा जुनाच आजार!" आम्हीही मान डोलाविली. चार महिन्यांनीं तपासणी झाली तेव्हां कर्करोग यकृतापर्यंत पोहोंचला होता.

वेदना हा शब्द विद्, म्हणजे जाणणें, ह्या धातूपासून झाला आहे. वर्गांत हें आम्हीं किती वेळां शिकविलें असेल! ज्याला दुखतें त्यालाच तें कळतें, एवढा साधा अर्थ मात्र ऐन वेळीं आम्हांस आठवला नाहीं.

पुढें अन्न जाईना. नाकांतून नळी घालावी कीं नाहीं, हें डॉक्टरांनीं आम्हांस खोलीबाहेर बोलावून विचारलें. अण्णा आंत जागे होते. आम्हीं सही केली. रात्रीं अण्णांनीं नळी उपटली. ती पुन्हां घातली व त्यांचे हात खाटेस बांधले. "वेडाचा झटका," असें सांगण्यांत आलें.

डॉक्टरांची अडचण खोटी नाहीं. तीव्र विषण्णतेंत मनुष्य मरण मागतो, आणि उपचारानें तीच इच्छा मावळते. तेव्हां रुग्णाचा प्रत्येक नकार निमूटपणें मान्य करणें हा निष्काळजीपणाच होय. परंतु मरण मागणें निराळें, आणि अटळ मरणाच्या वाटेवर निरुपयोगी नळी नाकारणें निराळें. हा भेद रुग्णाशीं बोलल्याविना कळावयाचा कसा?

सन 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें केवळ आजाराच्या निदानावरून कोणास विचारशून्य ठरविण्यास मनाई केली आहे. माहिती समजणें, परिणाम उमगणें, निर्णय बोलून किंवा खुणेनें सांगणें, ह्यांवरून क्षमता पाहावी असें तो म्हणतो. तो कायदा मानसिक उपचारांपुरता खरा. पण ही कसोटी कर्करोगाच्या खाटेपाशीं कां चालूं नये? अंतिम आजारांत कोणते उपचार नकोत हें आगाऊ लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयानें सन 2018 मध्यें मान्यता दिली, व 2023 मध्यें मॅजिस्ट्रेटची सही काढून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा केला. दोन साक्षीदार मात्र लागतात. असा कागद प्रकृति स्थिर असतांनाच व्हावा. आमच्या घरीं जमीनजुमल्याचे कागद झाले होते. हा झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशीं एक तरुण डॉक्टरीणबाई अण्णांजवळ स्टूल घेऊन बसल्या. त्यांनीं हात सोडविले व विचारलें. अण्णा म्हणाले, "मी मरणार हें मला ठाऊक आहे. नळीनें मी बरा होणार नाहीं ना? मग ती काढा, आणि मला ओटीवर न्या." बाईंनीं तोच प्रश्न सायंकाळीं विचारला, दुसऱ्या सकाळींही विचारला. उत्तर बदललें नाहीं. नळी निघाली, दुखण्यासाठीं मॉर्फिन सुरू झालें.

ओटीवर अण्णा अकरा दिवस होते. ते आवाज त्यांना तेव्हांही ऐकूं येत. त्यांच्याशीं ते बोलत, आणि मध्येंच आमच्याकडे वळून चहा मागत.