हिरव्या चुड्याचे परदेशी माहेर

नागपूरहून जबलपूरला जाताना लखनादौन मागे पडले की पुढे बरगी लागते. नर्मदेवरच्या मोठ्या धरणामुळे हे नाव सर्वांच्या ओळखीचे झाले. त्या भागात बांगड्या विकणाऱ्याला मनिहार म्हणतात, आपल्याकडे तोच कासार. भाषा बदलली तरी बांगडी तीच, आणि बहुतेक वेळा ती फिरोजाबादचीच. जबलपूरच्या मराठी घरातले लग्न असो की साताऱ्याचे, नवरीच्या हातात हिरवा चुडा भरल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही. डोहाळजेवणालाही तोच मान. हा दागिना आपल्याला इतका जवळचा, की बांगडी ‘फुटली’ असे आपण म्हणतसुद्धा नाही. ती ‘वाढवली’ म्हणतो.

पण आपल्या पणजीच्या हातातली काचेची बांगडी कदाचित साता समुद्रापलीकडून आलेली असेल! पहिल्या महायुद्धापूर्वी भारताच्या बाजारात येणाऱ्या परदेशी बांगड्यांचा फार मोठा वाटा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातून येई. या साम्राज्याच्या बोहेमिया प्रांतात, जिझेरा डोंगरांच्या कुशीत याब्लोनेत्स नावाचे गाव आहे. आज ते चेक प्रजासत्ताकात येते. तिथली जमीन शेतीला बेताची, पण भट्टीसाठी जंगलातले लाकूड भरपूर. म्हणून तिथे काचेचा धंदा रुजला. मोठे कारखाने रंगीत काचेच्या कांड्या करत. त्या कांड्या डोंगरातल्या झोपड्यांमध्ये जात आणि तिथे घरातली सगळी माणसे दिव्याच्या ज्योतीवर काच मऊ करून मणी, गुंड्या, खोटे खडे घडवत. व्यापारी देशोदेशीचे नमुने मागवत आणि जिथे जे खपेल ते करून घेत. भारतासाठी बांगड्या हव्यात म्हटल्यावर बांगड्या! आपल्याकडे येणारे बारीक काचमणीही व्हेनिस आणि बोहेमियातूनच येत.

गंमत अशी, की ज्या घरांत या बांगड्या होत, तिथल्या बायकांच्या पेहरावात असा चुडा नव्हताच. सौभाग्याची खूण मात्र त्या देशातही होती, ती डोक्यावर. मोराव्हिया भागातल्या खेड्यांत लग्नाच्या रात्री जुन्याजाणत्या बायका नवरीच्या डोक्यावरचा फुलांचा मुकुट उतरवत आणि तिला लग्न झालेल्या बाईची टोपी घालत. सोबत गाणी म्हटली जात, आणि नवरीने थोडे आढेवेढे घ्यायचे असत. आपल्याकडे पाठवणीच्या वेळी जे डोळ्यांत येते, तेच तिकडे त्या टोपीपाशी येत असणार. आता हा विधी हौसेने होतो, रोज टोपी कोणी घालत नाही.

पुढे 1905 मध्ये स्वदेशीची चळवळ पेटली. विलायती कापड आणि साखर यांच्याबरोबर बांगडीवरही नजर गेली. बंगालात तर रेशमी बांगड्या टाकून द्या, असे बायकांना सांगणारे गाणे घरोघर पोचले. पण टाकून द्यायच्या तर त्यांच्या जागी घालायचे काय? काच करायची विद्याही हवीच ना! याचे एक उत्तर पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे येथे मिळाले. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभा केला, लोकमान्य टिळकांनी पाठीशी बळ दिले आणि 1908 मध्ये तळेगावला काच कारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे तज्ज्ञ म्हणून लाभले. केवळ माल काढणे हा त्याचा हेतू नव्हता, काचेचे कारागीर तयार करायचे होते. एकेका पैशातून कारागीर घडवण्याची ही कल्पना त्या काळातल्या मोठमोठ्या भाषणांपेक्षा कितीतरी मोलाची म्हटली पाहिजे.

1914 मध्ये युद्ध लागले आणि ऑस्ट्रियाचा माल थांबला. मोकळी जागा आधी जपानने घेतली, नंतर फिरोजाबादने. याब्लोनेत्सचेही दिवस फिरले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन भाषिकांना देश सोडावा लागला. त्यांतल्या अनेक काचकारागिरांनी जर्मनीत बव्हेरियातल्या काउफबॉयरेनजवळ नवी वसाहत केली आणि तिला जुन्या गावाचेच नाव दिले, नॉयगाब्लोन्झ, म्हणजे नवे याब्लोनेत्स. माहेर सुटले तरी नाव सुटत नाही.

फिरोजाबादेत आज काच कारखान्यात वितळते. पण बांगडीची टोके जुळवायचे काम, ‘जुडाई’, घरोघर चालते. ज्योतीसमोर बसून, बहुतेक वेळा बायकाच ते करतात, आणि मजुरी अगदी थोडी. बोहेमियातल्या त्या झोपड्यांचीच ही आवृत्ती. 1996 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या परिसरातील कारखान्यांना कोळसा सोडायला सांगितले, तेव्हा तिथल्या भट्ट्या गॅसवर आल्या. घरातल्या ज्योतीसमोरचे डोळे मात्र तसेच चुरचुरत राहिले.

हाताने काच घडवण्याच्या विद्येला 2023 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. अर्ज करणाऱ्या सहा देशांत चेक प्रजासत्ताक होते. बांगडी घालणारा आपला देश त्यांत नव्हता.