सेवेचा धर्म आणि सत्तेचा धर्म

अमेरिकन मराठी मिशनने वाईत रुग्णालय चालविले; त्या सेवेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु अमेरिकेतील सनातनी ख्रिस्ती आपले राष्ट्रच ख्रिस्ती म्हणवितात, ते आम्हांस अमान्य आहे. १७९१ च्या घटनादुरुस्तीने तेथे राजधर्मास मज्जाव केला. तरी १९५६ मध्ये ईश्वरावरील विश्वास हेच राष्ट्राचे ब्रीद ठरले. त्याच वर्षी नागपूर येथे आपण ईश्वर नाकारणारा धम्म स्वीकारला. मग निरीश्वरवादी काय अर्धा नागरिक?

धर्म पाहून हक्क देणारे राज्य आपण अनुभवले आहे. १९५० च्या आदेशामुळे धर्मांतरित बौद्ध केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींस मुकले. १९९० मध्ये त्या मिळाल्या, ख्रिस्ती दलितांस मात्र नाही. बौद्ध बंधुभगिनींनो, त्यांच्याही हक्कासाठी झगडा!